सूतिकागृह : राखावें काय, टाकावें काय

गृहस्थाश्रमांतील आनंदाच्या प्रसंगांत अपत्यजन्मासारखा दुसरा प्रसंग नाहीं, आणि काळजीचाही तसा दुसरा नाहीं. विवाहांत कांहीं चुकलें तर मानपानाचें चुकतें, मुंजींत चुकलें तर मुहूर्ताचें चुकतें. पण बाळंतिणीच्या खोलींत चुकलें तर एका किंवा दोन जिवांशीं गांठ असते. असें असूनही आमच्या सुशिक्षित घरांतून डोहाळजेवणाची तयारी जितक्या बारकाईनें होते, तितक्या बारकाईनें बाळंतपणाची होतेच असें नाहीं. ओटीचा खण कोणत्या रंगाचा घ्यावा, चांदण्यांतलें जेवण करावें कीं फुलांची वाडी भरावी, याचा विचार महिनाभर चालतो. मध्यरात्रीं रक्त जाऊं लागलें किंवा बाळंतपणानंतर आठव्या दिवशीं ताप भरला, तर निर्णय कोणीं घ्यावयाचा, हा प्रश्न मात्र कोणाच्या जिभेवर येत नाहीं. ‘अशुभ कशाला बोलावें?’ असें म्हणून तो टाळला जातो.

सरकारी नमुना नोंदणी पाहणीप्रमाणें २०१८ ते २०२० या काळांत भारतांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता मृत्यु पावल्या. महाराष्ट्रांत हा आंकडा ३३ होता. पूर्वीच्या मानानें ही मोठीच प्रगति होय. तथापि ज्या कारणांनीं या स्त्रिया जातात तीं बहुतेक टाळतां येण्याजोगीं असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे समाधान मानून स्वस्थ बसवत नाहीं. आज बहुतेक बाळंतपणें रुग्णालयांत होतात आणि दोन-चार दिवसांनीं माता व मूल घरीं येतात. पुढचे सहा आठवडे घरच्या माणसांचे असतात. या सहा आठवड्यांविषयीं, म्हणजे जुन्या भाषेंत सूतिकागृहाविषयीं, चार शब्द लिहावे असा आमचा हेतु आहे.

ग्रंथांतील खोली व घरांतील खोली

परंपरेचा आधार सांगून बाळंतिणीस काळोख्या खोलींत कोंडून ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं एकदां मूळ ग्रंथ उघडून पाहावे अशी आमची विनंती आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत सूतिकागाराचें वर्णन आहे. जागा हाडें, खडे व खापऱ्या काढून साफ केलेली असावी. तेथें पाण्याची, अग्नीची, स्नानाची, शौचाची व स्वयंपाकाची सोय असावी. आणि खोली ‘ऋतुसुख’ असावी, म्हणजे ज्या ऋतूंत जें सुखकर तें तेथें मिळावें. ऐन वैशाखांत खिडक्या लावून शेगडी पेटविणें हें ऋतुसुख नव्हे, हें सांगावयास वैद्य नको. गर्भिणीस कसें जपावें, यासाठीं त्याच अध्यायांत काठोकाठ भरलेल्या तेलाच्या पात्राची उपमा दिली आहे. असें पात्र नेणारा मनुष्य तें हिंदकळूं देत नाहीं. तें कोपऱ्यांत टाकूनही देत नाहीं.

परिचारिकांविषयीं चरकाचार्यांनीं जीं विशेषणें योजिलीं आहेत तींही मननीय आहेत. त्या स्वतः बाळंतपणें पाहिलेल्या, मायाळू, कष्ट सोसणाऱ्या आणि ‘प्रतिपत्तिकुशल’ असाव्या. प्रतिपत्तिकुशल म्हणजे आल्या वेळीं काय करावें हें झटकन् उमजणारी. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल. सुश्रुतसंहितेंत आणखी एक अट आहे : सूतिकेजवळच्या चारही स्त्रियांनीं नखें कापलेलीं असावीं. यावरून आमच्या पूर्वजांस जंतु ठाऊक होते असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. अनुभवानें जें दिसलें तें त्यांनीं लिहून ठेवलें, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेवढाही कांहीं थोडा नव्हे.

सोवळें आणि स्वच्छ

आमच्या घरांतून ‘सोवळें’ आणि ‘स्वच्छ’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे समजले जातात. बाळंतिणीच्या खोलींत हा समज घातक ठरतो. जननाशौच मानल्यामुळें पूर्वी या खोलीसाठीं घरांतली सर्वांत टाकाऊ जागा निवडीत. जुनेरीं, फाटकीं लुगडीं, गोधडीचे तुकडे असें जें पुढें टाकून द्यावयाचें तेंच तेथें वापरीत. जेथें निर्मळपणाची सर्वांत अधिक गरज, तेथें सर्वांत मळकट वस्तु जात. सुवेर संपल्यावर घर शुद्ध होई; पण त्या दहा दिवसांत ज्या जिवांस धोका होता त्यांच्या शुद्धतेचा विचार कोणी केला नव्हता.

हातांचें महत्त्व किती, हें युरोपासही फार उशिरां कळलें. व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत सुइणी शिकत, दुसऱ्यांत वैद्यकाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागांत सूतिकाज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण पुष्कळच अधिक असे. हे विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींकडे येतात, ही गोष्ट इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरानें हेरली. आणि १८४७ सालीं त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. कांहीं महिन्यांत तेथील मृत्यु झपाट्यानें उतरले. असें असूनही त्याच्या हयातींत बहुतेक विद्वानांनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं. पदवीधरांनाही आपला हात मळका असेल असें वाटत नाहीं, मग सोवळ्यांतल्या हाताविषयीं काय बोलावें!

म्हणून नियम असा करावा. आजेसासूबाई असोत, आत्याबाई असोत वा स्वतः मुलाचा बाप असो, बाळाला हात लावण्यापूर्वीं प्रत्येकानें साबणानें हात धुवावे. सर्दी-खोकला असलेल्यानें खोलींत जाऊं नये, आणि बाळाचे मुके तर कोणीच घेऊं नयेत. या बाबतींत सुवेराची मूळ मर्यादा उपकारक होती. दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ बंद, ही गोष्ट आजच्या कोणत्याही डॉक्टरास आवडेल. ती राखावी. पण त्या मर्यादेच्या नांवाखालीं परिचारिकेस किंवा आशाताईस उंबऱ्याबाहेर उभें करणें, किंवा बाळंतिणीचें ताट दुरून सरकविणें, हें टाकावें.

नाळेविषयीं तर विशेष सावध असावें. तान्ह्या मुलाचा धनुर्वात हा रोग मळक्या हत्यारानें नाळ कापल्यामुळें किंवा नाळेवर राख, शेण, माती असलें कांहीं लावल्यामुळें होतो. त्याचीं लक्षणें बहुधा तिसऱ्या दिवसापासून पुढें, विशेषतः पहिल्या आठवड्याच्या शेवटीं दिसतात. दोन दिवस उत्तम पिणारें मूल एकाएकीं तोंड उघडीनासें होतें आणि त्याचें अंग धनुष्यासारखें ताठतें. पांचवी-सहावीच्या रात्रीं सटवाईच्या पूजेस घरदार कां जागत असे, याचें एक कारण या दिवसांच्या भीतींत असावें असें आम्हांस वाटतें. आज गर्भिणीस धनुर्वाताची लस मिळते, नाळ निर्जंतुक पात्यानें कापली जाते, आणि २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतून या रोगाचें मोठें प्रमाण हटल्याचें जाहीर केलें. ही लढाई लसीनें आणि स्वच्छ पात्यानें जिंकली. तेव्हां लस चुकवूं नये. आणि नाळेवर हळद, तेल, तूप कांहींएक न लावतां ती कोरडी व उघडी ठेवावी. ती आपोआप गळून पडते.

पहिलें दूध

प्रसूतीनंतरचें पहिलें घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकण्याची चाल कित्येक घरांत अजून आहे. तिला सुश्रुताचा आधार दाखवितां येईल. कारण अंगावर दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीं उतरतें असें सांगून तोंवर मध-तूप चाटविण्याचा विधि तेथें दिला आहे. पण चरकाचार्य मध-तुपाचें प्राशन झाल्यावर लागलीच उजवा स्तन मुलास द्यावा असें सांगतात. जेथें दोन ग्रंथ दोन मार्ग दाखवितात, तेथें प्रत्यक्ष प्रमाणाकडे जावें हें शास्त्रासही मान्य आहे. आणि प्रत्यक्ष प्रमाण असें आहे कीं या चिकांत रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें भरपूर असतात. तो मुलाचा पहिला रक्षक होय. जन्मल्यापासून एका तासाच्या आंत मूल अंगावर घ्यावें. शस्त्रक्रियेनें बाळंतपण झालें असलें तरी, माता शुद्धीवर असल्यास, हें परिचारिकेच्या मदतीनें साधतें.

मधाविषयीं आतां एक नवी गोष्ट कळली आहे. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं बीजें असतात. मोठ्यांच्या पोटांत तीं निरुपद्रवी ठरतात. परंतु एक वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत तीं रुजून अंग लुळें पाडणारें विष उत्पन्न करूं शकतात. म्हणून जातकर्म करावयाचें असेल तर संकल्प व मंत्र अवश्य राखावे. चाटण मात्र टाकावें. विधीचा आत्मा आशीर्वादांत आहे. तसेंच सहा महिने पुरे होईपर्यंत मुलास पाणी, गुटी, साखरेचें पाणी यांपैकीं कांहींही देऊं नये. डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध तेवढें अपवाद. उन्हाळ्यांतही आईच्या दुधांत पुरेसें पाणी असतें. सहाणेवर उगाळलेल्या गुटीबरोबर सहाणेवरचे जंतुही पोटांत जातात, हें आमच्या वृद्ध भगिनींनीं कृपा करून लक्षांत घ्यावें.

शेगडी, शेक आणि पथ्य

तेल लावून हलक्या हातानें अंग चोळणें, ऊन पाण्याचें स्नान, घरच्या माणसांची सोबत, तिसऱ्या प्रहरीं मिळणारी झोंप या सर्व गोष्टी सुंदर आहेत. परदेशांत एकट्या राहणाऱ्या आमच्या मुली त्यांच्यासाठीं झुरतात. या राखाव्या. परंतु बंद खोलींत पेटलेल्या कोळशांतून जो वायु निघतो त्यास ना रंग ना वास. माणूस झोंपेंत असतांनाच तो जीव घेतो. शेगडी खोलींत ठेवूंच नये. ओवा-शेपांची धुरी मुलाच्या कोंवळ्या फुप्फुसांस अपायकारक आहे. मुलास ऊब हवी तर कपडे, टोपडें आणि आईचें अंग पुरेसें आहे. कमी दिवसांच्या किंवा अडीच किलोहून कमी वजनाच्या मुलास आईनें, नाहींतर बापानें, उघड्या छातीशीं धरून ठेवणें हाच आज जगभर मानला गेलेला उपाय आहे. त्याचा पद्धतशीर आरंभ दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. नाकाकानांत तेल सोडणें, डोळ्यांत काजळ घालणें आणि तान्ह्या मुलाची छाती पिळणें या तीन चाली मात्र निखालस बंद कराव्या. त्यांपासून लाभ कांहीं नाहीं आणि अपाय पुष्कळ आहेत.

पथ्याच्या नांवाखालीं बाळंतिणीचें पाणी तोडणें हेंही चुकीचें आहे. तहान लागेल तितकें पाणी तिनें प्यावें. विश्रांति म्हणजे निश्चल पडून राहणें नव्हे. फार पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीति असते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें लवकर उठून खोलींत फिरावें. हळिवाचे व डिंकाचे लाडू, खारीक, खोबरें, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी हें सर्व अवश्य खावें. त्याच्या जोडीस रोजचें वरण, पालेभाजी, फळें व दूध हींही तिच्या पानांत असावीं.

पानाचा विषय निघाला म्हणून एक कडू गोष्ट सांगावी लागते. पुरुषांचीं पानें आधीं, मुलांचीं त्यानंतर, आणि सुनांचीं सर्वांत शेवटीं, ही मोठ्या कुटुंबांतील रीत अद्याप सर्वत्र मोडलेली नाहीं. तळाशीं उरलेल्या आमटीवर जी स्त्री नऊ महिने काढते, तिच्या अंगीं बाळंतपणांतील रक्तस्राव सोसण्याची शक्ति कोठून येणार? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील गर्भवतींपैकीं ५२ टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. हा दारिद्र्याचाच दोष आहे असें कोणी समजूं नये. खात्यापित्या घरांतूनही हें आढळतें. चौथ्या महिन्यापासून लोहाची व फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस, आणि प्रसूतीनंतर पुन्हां १८० दिवस घ्यावयाची असते. ती चहाबरोबर घेऊं नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. आणि घरांत पोटुशी सून असेल तर तिचें पान पहिल्या पंक्तीस मांडावें. हा नियम कुटुंबप्रमुखानें आपल्या तोंडानें सांगितला म्हणजे त्याविषयीं कोणी कुरकुर करीत नाहीं.

घरांतला विलंब

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनीं विलंबाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दवाखान्यांत जावयाचें हें ठरविण्यास लागणारा विलंब हा पहिला. तेथें पोंचण्यास लागणारा दुसरा. आणि पोंचल्यावर उपचार मिळण्यास लागणारा तिसरा. दुसरा व तिसरा विलंब रस्ते, वाहनें व सरकार यांच्या हातीं आहे. पहिला सर्वस्वीं आपल्या घरांत घडतो. आणि कुटुंब जितकें मोठें तितका तो लांबण्याचा संभव अधिक.

आमच्या परिचयांतील एका भरल्या घरांत घडलेली गोष्ट आहे. घरांत अकरा माणसें, त्यांपैकीं सहा पदवीधर. धाकटी सून बाळंत होऊन घरीं आली होती. सहाव्या दिवशीं सायंकाळीं तिला रक्त अधिक जाऊं लागलें. तिनें तें वन्संना सांगितलें. वन्संनीं सासूबाईंच्या कानावर घातलें. सासूबाईंना वाटलें, मामंजींचें जेवण होऊं द्यावें. मामंजी म्हणाले, ‘चिरंजीव गांवाहून परत आले कीं विचारूं.’ चिरंजीव रात्रीं साडेदहास आले, तेव्हां बाळंतीण निजली आहे, तिला उठवूं नये, असें ठरलें. ती निजली नव्हती. तिला ग्लानि आली होती. शेजारीं राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिकाबाई ताक मागण्याच्या निमित्तानें आल्या. त्यांनीं खोलींत डोकावून तिची नाडी पाहिली, आणि कोणाची परवानगी न विचारतां गाडी मागविली. चार पिशव्या रक्त द्यावें लागलें. बाई वांचल्या. पुढें एकदां त्या सासूबाई आमच्या घरीं म्हणाल्या, ‘आम्हीं कोणीं नको म्हटलें नव्हतें हो, पण चला असें म्हणणारें कोणी नव्हतें.’

या वाक्यांत एकत्र कुटुंबाचें सारें दुखणें आलें आहे. त्या घरांत दुष्ट कोणी नव्हतें, अडाणीही नव्हतें. सर्वांस काळजी होती. निर्णयाचा अधिकार मात्र कोणालाच नव्हता, कारण प्रत्येकजण आपल्याहून वडील माणसाकडे पाहत होता. प्रतिपत्तिकुशल मनुष्य त्या रात्रीं योगायोगानें ताक मागावयास आला. असा योगायोग प्रत्येक घरीं येत नाहीं.

यास्तव आमचें आग्रहाचें सांगणें असें आहे कीं सातव्या महिन्यांत, डोहाळजेवणाच्या आधीं, घरांतील कर्त्या माणसानें सर्वांस बसवून एक गोष्ट स्पष्ट करावी : बाळंतिणीनें स्वतः ‘मला बरें वाटत नाहीं, मला न्या’ म्हटलें, तर तोच निर्णय. त्यावर कोणाची संमति लागणार नाहीं. ती बोलण्याच्या स्थितींत नसेल तर जो जवळ असेल त्यानें तिला न्यावें, वडिलांस मागाहून सांगावें. यांत वडीलधाऱ्यांचा अवमान नाहीं. वडिलांनींच दिलेली ही आगाऊ आज्ञा आहे.

कोणत्या लक्षणांवर निघावें, तेंही सर्वांस पाठ असावें. गर्भारपणीं रक्त जाणें, पाणी जाणें, मुलाची हालचाल मंदावणें. गर्भारपणीं किंवा प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत डोकें असह्य दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी किंवा काजवे येणें, तोंडावर-हातांवर सूज येणें, आंकडी येणें. आंकडी ही बाहेरची बाधा नव्हे. तो बहुधा वाढलेल्या रक्तदाबाचा परिणाम असतो. प्रसूतीनंतर एका तासांत घडी भिजून चिंब होईल इतका रक्तस्राव, मोठ्या गांठी पडणें, १००.४ अंशांवर ताप, दुर्गंधि असलेला स्राव, धाप लागणें, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणें. यांपैकीं एकही दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये.

मुलाच्या बाबतींत पुढील लक्षणें ध्यानांत ठेवावीं : पिणें सोडणें, मलूल पडणें, अंग तापणें किंवा गार पडणें, मिनिटांत ६० किंवा त्याहून अधिक श्वास, श्वास घेतांना बरगड्यांखालीं खोल खळगा पडणें, आंकडी येणें, पहिल्याच दिवशीं दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ. ‘मूल शहाणें आहे, रडत नाहीं’ म्हणून कौतुक करण्यापूर्वीं तें नीट पितें कीं नाहीं हें पाहावें. दृष्ट काढावयाची असेल तर ती वाहनांत बसल्यावर काढावी.

अशी जाणकार नजर मिळविण्यास फार मोठें शिक्षण लागतें असें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें ३९ गांवांत बेताचें शिकलेल्या स्त्रियांस नवजात मुलांची शुश्रूषा शिकविली. मूल तोलणें, त्याचा ताप पाहणें, श्वास मोजणें, वेळीं इंजेक्शन देणें एवढें त्यांनीं घरोघर जाऊन केलें. तिसऱ्या वर्षाअखेर तेथील नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले. हा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर घरीं येऊन मूल पाहतात. रुग्णालयांत बाळंतपण झालें असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशीं त्यांची फेरी असते. गांवीं असाल तर त्यांना दारांतून परत पाठवूं नका. शहरांत असाल तर तेच दिवस पंचांगांत खूण करून स्वतः पाहत जा.

मनाचें दुखणें

शरीराइतकेंच मनाकडेही पाहावें. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं बऱ्याच स्त्रियांस विनाकारण रडूं येतें. धीराचे शब्द, झोंप व सोबत मिळाल्यावर तें पंधरवड्याच्या आंत जातें. परंतु दोन आठवडे लोटल्यावरही उदासी राहिली, मुलाविषयीं माया वाटेनाशी झाली, मूल निजलें असतांही झोंप येईना, ‘मी वाईट आई आहें’ असें ती म्हणूं लागली, तर तो आजार समजावा. त्यास ‘लाड’ किंवा ‘नखरे’ म्हणूं नये. ‘आम्हीं नाहीं का चार मुलें वाढविलीं?’ असेंही विचारूं नये. त्या चार बाळंतपणांत किती स्त्रिया मुकाट्यानें रडल्या याची मोजदाद कोणीं केली आहे? हा आजार उपचारानें बरा होतो. २०२२ पासून ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो. जिवाचें कांहीं करून घेण्याची भाषा, भलतेच आवाज ऐकूं येणें किंवा एकाएकीं भ्रमिष्टासारखें वागणें दिसल्यास मात्र त्याच क्षणीं डॉक्टरांकडे न्यावें आणि तिला व मुलाला क्षणभरही एकटें सोडूं नये.

पित्याचें काम

आमच्या पिढींत मुलाच्या बापाचें काम पेढे वांटण्यापुरतें होतें. सूतिकागृहाच्या दारांत त्यानें उभें राहणेंही कमीपणाचें मानीत. आजच्या तरुणांनीं ही लाज सोडली आहे, त्याबद्दल आम्ही त्यांचें अभिनंदन करतों. तपासणीच्या वेळीं त्यानें बरोबर जावें, रक्तदाबाचा व हिमोग्लोबिनचा आंकडा लिहून ठेवावा, रात्रीं मूल खांद्यावर घेऊन ढेकर काढावा, लंगोट धुवावे. पहिलें बाळंतपण माहेरीं करावयाचें असल्यास तपासणीचे सर्व कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड मुलीबरोबर आठवणीनें द्यावें, आणि माहेरच्या डॉक्टरास तिला आधीं एकदां दाखवावें. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे.

या प्रसंगीं आनंदीबाई जोशी यांची आठवण होणें स्वाभाविक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षीं झालेला त्यांचा मुलगा अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय करून त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंतील प्रसूतिविद्या. जुनें टाकून पळणें त्यांना नको होतें. जुनें पारखून घेणें हवें होतें. पुढच्याच वर्षीं, बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, त्या निवर्तल्या. त्यांना मायदेशीं जें करावयास अवधि मिळाला नाहीं, तें करण्याचीं साधनें आज प्रत्येक घराच्या हाताशीं आहेत.

वाचकांनीं एवढें करावें. एका कागदावर गर्भवतीचा रक्तगट, रुग्णालयाचें नांव, गाडीवाल्याचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आणि वर सांगितलेलीं लक्षणें मोठ्या अक्षरांत लिहावीं. त्याखालीं कुटुंबप्रमुखानें लिहावें, ‘निघण्यास माझी परवानगी आहे, मला विचारण्यासाठीं थांबूं नये,’ आणि आपली सही करावी. हा कागद बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला आंतून चिकटवावा. त्याचें काम न पडो. पडलेंच, तर त्या रात्रीं कोणाला कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं.